भिंतीला टेकलेल्या खुर्च्या

“कुठली भिंत?” मोठ्या बाईंनी विचारलं, आणि तिने हातातला कप बशीत ठेवला.

तशी ती नुसती भेटायला आली होती. मोठ्या बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ती ज्येष्ठांचा जो व्यायामवर्ग घेते, त्यात दारालगतची पहिली खुर्ची दोन वर्षं त्यांची होती. तीन आठवड्यांपूर्वी त्या घरी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता मुलाच्या घरी, नातवंडांच्या अभ्यासाच्या खोलीत, जगाच्या नकाशाखाली त्यांची खाट टाकली होती. चक्कर येऊन पडल्या असं वर्गात सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्यांच्या आपापल्या चक्करांच्या हकिगती सांगून झाल्या होत्या. मुलगा चहा ठेवून बाहेर गेला तशी बाईंनी तिला दार लोटायला सांगितलं. “चक्कर-बिक्कर काही आलेली नाही मला,” त्या हळूच म्हणाल्या, वर्गात मागच्या बाकावरून बोलावं तशा. “तुझाच व्यायाम करत होते. हात न लावता उठायचं, बसायचं, दहा वेळा. सातव्यांदा बसायला गेले आणि खुर्ची मागे निघून गेली. आवाजसुद्धा नाही झाला गं.” त्यावर ती काहीही विचार न करता बोलून गेली, “पण खुर्ची भिंतीला टेकवलेली होती ना?” आणि बाईंच्या चेहऱ्यावर असा भाव आला की जणू कुणी त्यांना पुस्तकात नसलेल्या धड्यावरचा प्रश्न विचारलाय. आयुष्यभर प्रश्न विचारणारी बाई ती. कुठली भिंत?

भिंत तिने कधी सांगितलीच नव्हती. दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ती वीस मिनिटं आधी पोचते. वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल, लांब खिडक्या, फरशीवर कालच्या पुसण्याचे पट्टे. कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या लाकडी खुर्च्या ती एकेक करून उतरवते, तीन भिंतींना पाठी टेकवून लावते, प्रत्येक पाठीवर तळवा ठेवून एक धक्का देऊन बघते. चौदा खुर्च्या, चौदा धक्के. मग हात धुते, केस पुन्हा बांधते, आणि लोक जिना चढून येतात तेव्हा दारात हसत उभी असते. त्यांनी खुर्च्या ओढू नयेत, कुणाची कंबर धरू नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर अजून एका कारणासाठी, की धापा टाकत वर आल्यावर त्यांना वाटावं, कुणीतरी आपली वाट पाहत होतं. दोन वर्षांत तो तळव्याचा धक्का एकानेही पाहिला नव्हता. त्यांच्या लेखी खुर्च्या भिंतीतूनच उगवलेल्या होत्या. हात छातीशी कसे धरायचे, पाय किती मागे घ्यायचे, नाक गुडघ्याच्या पुढे न्यायचं, श्वास कधी सोडायचा, हे सगळं तिने शंभरदा सांगितलं होतं. “घरीसुद्धा करा बरं का,” हेही शंभरदा. बाईंनी केलं. सांगितलेलं सगळं केलं, न सांगितलेलं केलं नाही. पहिल्या नंबरच्या विद्यार्थिनीने करावं तसं.

“मुलाला मी चक्करच सांगितलंय,” बाई म्हणाल्या. “व्यायाम करताना पडले म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुझ्या हॉलला कुलूप. त्याची आई आहे मी, ओळखून आहे त्याला. तू तोंड उघडायचं नाहीस.”

“बाई, पण—”

“‘पण’नंतर वाक्य असतं. असेल तर पूर्ण कर, नसेल तर चहा पी.”

ती चहा प्यायली. बाहेर चपला घालताना मुलगा आला. चष्म्यांचं दुकान चालवणारा, पन्नाशीला टेकलेला, थकलेला, समोरच्याच्या चेहऱ्याकडे माप घेतल्यासारखा पाहणारा माणूस. “एक विचारू का, रागावू नका,” तो म्हणाला. “तुम्ही तिथे नक्की काय करता?” टोमणा नव्हता त्यात, खरोखर माहीत नव्हतं म्हणून विचारलं होतं. तिने पत्रकावरचं उत्तर दिलं: तोल, ताकद, सांध्यांची हालचाल, एकमेकांची सोबत. त्याने मान हलवली. मग आवाज खाली आणून म्हणाला, “डॉक्टरांना चक्करेचं कारणच सापडत नाहीये. सगळ्या तपासण्या झाल्या. कारण कळत नाही तोवर एकटं कसं ठेवायचं? तिचं घर सोडतोय या महिन्याअखेर. सव्वीस वर्षांचं भाड्याचं घर, पण काय करणार. शनिवारी सामान बांधायला जातोय. तिला अजून बोललो नाहीये, तुम्हीही बोलू नका.”

“बरं,” ती म्हणाली.

जिना उतरली, रस्ता ओलांडला, आणि ते ‘बरं’ तसंच बरोबर आलं. आतल्या खोलीत एकीने सांगितलं होतं बोलू नकोस, बाहेरच्या खोलीत दुसऱ्याने, आणि दोघांच्या मधल्या दोन पावलांत सगळं जग होतं, तिथे तिने ‘बरं’ ठेवून दिलं. बाईंना त्यांच्या खोटेपणाची किंमत माहीत नव्हती. मुलाला आईला चक्कर येत नाही हे माहीत नव्हतं. दोन्ही फक्त तिला माहीत. हे काही तिने मागून घेतलेलं नव्हतं. बाईंच्या घरी ती एकदाच गेली होती. दोन खोल्या, तिसरा मजला, पुस्तकांना घातलेली तपकिरी कव्हरं आणि खिडकीत एक उंच स्टूल. त्यावर बसून बाई समोरच्या शाळेची सुट्टी बघतात. तिथली मुलं त्यांना ओळखतही नाहीत आणि बाई प्रत्येकाला मनातल्या मनात रांगेत उभं करतात. ‘कुणाच्या घरात राहिलं की आपला आवाज बदलतो गं,’ तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. आज नकाशाखाली त्यांचा आवाज बदललेला होता. हळू बोलत होत्या. दार लोटायला सांगत होत्या.

तुम्ही नक्की काय करता. बसथांब्यावर उभं राहून तिने मोजलं, हा प्रश्न आपल्याला किती जणांनी विचारला. नवऱ्याच्या मित्रांनी, “म्हणजे ते गाण्यावर नाचतात तसं का?” सासूबाईंनी कधी विचारलं नाही, पण शेजारणीला सांगताना तिने ऐकलंय: “तिचं असतं काहीतरी सकाळचं, म्हाताऱ्यांचं.” आणि लेकीने तर बालवर्गात सांगून टाकलं होतं, “माझी आई आजीआजोबांना उठाबशा काढायला लावते,” त्यावर तिथल्या ताईंनी गंभीरपणे विचारलं म्हणे, “अगंबाई, काय केलं त्यांनी?” वर्गात हे सांगितल्यावर ड्रायव्हरकाका, म्हणजे चाळीस वर्षं बस चालवून आता गुडघे चालवणारे, आठवडाभर कान धरून उभे राहत होते. “मॅडम, आज गृहपाठ केला नाही, किती काढू?” हसून हसून मोठ्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. तोंडावर पदर धरून हसायची लकब त्यांची, जणू हसणं शाळेच्या नियमात बसत नाही. ती मात्र या प्रश्नाला हसत आली आणि टाळत आली. खरं उत्तर सांगायचं तर वडिलांपासून सांगावं लागलं असतं.

वडील आजारी पडले तेव्हा ती कॉलेजात होती. त्यांना खुर्चीतून उठता येईना. आई समोर उभी राहायची, ते तिची मनगटं धरायचे आणि ती मागे झुकायची, विहिरीतून काहीतरी ओढून काढल्यासारखी. आईच्या मनगटांवर निळे वळ असायचे. बांगड्या चढवून ती ते झाकायची आणि बांगड्या वळांवर घासायच्या. पण तिला राहून राहून आठवते ती एक संध्याकाळ. कुणाकडे तरी साखरपुड्याला गेले होते सगळे. जेवणं झाली, लोक उठले, वडील उठले नाहीत. कुणाशी तरी बोलत राहिले, मग भिंतीवरचं चित्र बघत राहिले, मग नुसतेच. सगळा दिवाणखाना रिकामा होईपर्यंत ते बसून होते, चेहऱ्यावर एक आवडीने थांबलेल्या माणसाचं हसू घेऊन. चारचौघांसमोर आईची मनगटं धरायची नव्हती त्यांना. शेवटी यजमान दिवे मालवायला आले. त्यानंतर ते कुठेच गेले नाहीत. पाय चालत होते, पण खुर्चीतून उठण्याच्या त्या तीन सेकंदांनी त्यांचं सगळं जग खाऊन टाकलं. तेव्हा कुणी सांगितलं नाही की हे शिकता येतं. तेच तीन सेकंद ती शिकवते. एवढंच करते ती. आणि तिनेच, त्याच तीन सेकंदांत, बाईंचं हाड मोडलं.

लेकीला बालवर्गातून घेतलं. लेक बोलत होती, एका मुलाच्या डब्याचं झाकण आणि त्यावरून झालेलं महायुद्ध. ती हूं हूं करत होती. घरी सासूबाईंनी चहा टाकला, तिचा चेहरा बघून म्हणाल्या, “काय गं, म्हातारी गेली की काय?” “नाही हो आई, बऱ्या आहेत.” “मग असं तोंड का?” त्या खुर्चीतून उठल्या तेव्हा टेबलावर दोन्ही हात रेटून उठल्या, आणि तिला वाटलं, आपण यांनाही कधी शिकवलं नाही. घरातल्या माणसाला शिकवता येत नाही. किंवा आपण हाताशी असतोच. हाताशी असणं हीच सगळी खोड आहे आपली. ती दुपारी लेकीचे मोजे घडी करत बसली आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिली. ‘तुमच्या आईला चक्कर आली नव्हती’ इथून सुरू करावं, की ‘एक गोष्ट सांगायची राहिली’ इथून? पुढे काय होणार तेही दिसत होतं. मुलगा वाचनालयाच्या व्यवस्थापकांकडे जाणार. व्यवस्थापक मुळातच घाबरट माणूस, पंखा जोरात फिरला तरी नोटीस लावणारा. हॉल बंद. मग ड्रायव्हरकाका घरी बसणार. दोघी बहिणी, ज्यांचं एकमेकींशी एरवी पटत नाही पण वर्गात शेजारी बसतात, त्या दोन घरांत दोन खुर्च्यांवर बसणार. तेरा जण बसणार. एका घरासाठी तेरा जण. असा हिशेब मांडला की न बोलणं चांगुलपणाचं दिसायला लागतं. तिला त्या हिशेबाची भीती वाटली, कारण त्यात तेरांनंतर चौदावी ती स्वतः होती, आणि खरं म्हणजे पहिली तीच होती.

शुक्रवारी ती वीस मिनिटं आधी पोचली आणि खुर्च्यांना हात लावला नाही. खिडकीशी उभी राहिली. जिन्यावर पावलं, धापा, काठी टेकल्याचा आवाज. मंडळी आत आली आणि रिकाम्या हॉलमध्ये लग्नघरी लवकर आलेल्या पाहुण्यांसारखी घुटमळली. “मॅडम, आज संप आहे का?” ड्रायव्हरकाकांनी विचारलं. ती म्हणाली, “आज आपापली खुर्ची घ्या. घरी ठेवता तशी ठेवा. जड वाटली तर मला हाक मारा.” त्यांनी ठेवल्या. कुणी खिडकीजवळ उजेड बघून, कुणी पंख्याखाली, दोघी बहिणींनी पाठीला पाठ लावून, बाकीच्यांनी हॉलच्या मधोमध, गप्पांना बसावं तशा. भिंतींपाशी एकही खुर्ची नव्हती. तेरा खुर्च्या, तेरा घरं, आणि सगळी तिला एकदम दिसली. गुळगुळीत फरशा, सतरंज्या, चाकाच्या खुर्च्या, सकाळी अकराला घरातले सगळे कामावर गेल्यावर हात छातीशी धरून मनात आकडे मोजणारी माणसं. “कुणीही बसू नका,” ती ओरडली, आणि इतक्या जोरात ओरडली की धाकटी बहीण दचकून म्हणाली, “अगं बाई, विंचू आहे का काय?”

मग तिने सांगितलं. भिंत सांगितली, खुर्चीचे पाय सांगितले, फरशी सांगितली. प्रत्येकाकडून खुर्ची भिंतीला लावून घेतली आणि तळव्याने धक्का द्यायला लावला. सगळ्यांनी दिला. “एवढंच होय,” ड्रायव्हरकाका म्हणाले, “गाडी उभी केली की चाकाला दगड लावायचा. आधी बोलायचं ना.” सहज म्हणाले ते, आपल्या खुर्चीकडे बघत. मग मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, दारालगतच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि आपल्या खुर्चीला पुन्हा एक धक्का देऊन बघितला. व्यायाम झाला. तिने आकडे मोजले. सातवर ती थांबली तेव्हा थोरल्या बहिणीने आठ म्हटलं.

शनिवारी लेकीला सासूबाईंकडे ठेवून ती बाईंच्या घरी गेली. दार उघडंच होतं. मुलगा हातात चिकटपट्टीचं बंडल घेऊन खोक्यांच्या मधे उभा होता, कव्हर घातलेली पुस्तकं अर्धी आत, अर्धी बाहेर. “तुम्ही? आईने काही मागवलंय का?” त्याने विचारलं. खोलीच्या मध्यावर एक हलकी वेताची खुर्ची होती, खिडकीकडे तोंड केलेली. ती तिच्यापाशी गेली आणि खाली वाकून पाहिलं. खुर्चीच्या चारी पायांना लोकरीचे मोजे घातलेले होते. राखाडी, घट्ट विणीचे, वर नाडीची गाठ.

“ते आईचं,” मुलगा म्हणाला. “खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून. खुर्ची ओढल्याचा आवाज तिला सहन व्हायचा नाही, शाळेत असल्यापासून. घरात सगळ्या खुर्च्यांना विणलेत.”

तिने एका बोटाने खुर्चीच्या पाठीला ढकललं. खुर्ची फरशीवरून निघाली आणि खोक्यापर्यंत गेली. आवाज झाला नाही.

“त्यांना चक्कर आली नव्हती,” ती म्हणाली. “या खुर्चीवर माझा व्यायाम करत होत्या. बसताना खुर्ची मागे गेली.”

तो खुर्चीपाशी आला. मग खाली बसला, एक मोजा दोन बोटांत धरला. “म्हणजे या मोज्यांमुळे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात एक सुटका होती, कारण सापडल्याची. “आईचीच हौस. मी किती वेळा म्हटलं होतं, रबराचे बूच आणून देतो.” आणि त्या क्षणी तिला कळलं की इथे थांबता येईल. घर राहील, वर्ग राहील, कुणाचंच काही जाणार नाही, सगळा दोष चार राखाडी मोज्यांत मावेल आणि ते मोजे विणणारी बाई तो मुकाट्याने घेईल, तिने घेतलाच आहे. तो मान खाली घालून बसला होता. तिने फक्त गप्प राहायचं होतं.

“मोज्यांचं नाही ते,” ती म्हणाली. “मोजे असते तरी भिंतीला टेकवलेली खुर्ची कुठे जाणार होती? भिंतीला टेकवायची असते. हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. हॉलमध्ये खुर्च्या मीच लावून ठेवायचे, त्यांना ते कधी दिसलं नाही. घरी करा, असं मीच सांगितलं होतं.”

“म्हणजे तुमची चूक.”

“हो. माझी.”

तो उभा राहायला गेला. गुडघ्यावर एक हात, खोक्यावर दुसरा, आणि उठताना तोंडातून एक हुंकार निघाला. “हे तुम्हाला आईने सांगितलं?”

“परवा. तुम्ही चहा दिलात तेव्हा.”

“मला का नाही सांगितलं?” त्याने विचारलं. चष्म्यामागे त्याचे डोळे एकदम लहान मुलासारखे दिसले. “तीन आठवडे मी डॉक्टरांच्या मागे पळतोय. डोकं तपासलं, कान तपासले, हृदय तपासलं. तिला गोळ्या देतोय चक्करेच्या. मला का नाही सांगितलं तिने?”

तुम्ही वर्ग बंद कराल म्हणून, हे म्हणायचं तिच्या ओठांवर आलं आणि म्हणवेना. पण त्याला ते समजलं असावं. तो खिडकीपाशी गेला, त्या उंच स्टुलाशेजारी उभा राहिला. खाली शाळेचं मैदान शनिवारचं मोकळं होतं. “मला वाचनालयात बोलावं लागेल,” तो पाठमोरा म्हणाला. “तुमच्यावर राग म्हणून नाही. पण उद्या दुसऱ्या कुणाची आई…”

“बोला तुम्ही.”

“लिहून द्याल? आत्ता? डॉक्टरांनाही दाखवतो. गोळ्या तरी बंद होतील.”

त्याने खोक्यातून एक वही काढली, बाईंचीच, मधली कोरी पानं. ती खोक्याचं टेबल करून खाली बसली. कामाबद्दल तिला कधी दोन ओळी धड सांगता आल्या नव्हत्या; आता हात न थांबता चालला. मी वृद्धांना खुर्चीतून हात न लावता उठायला आणि बसायला शिकवते. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी लागते. ते मी शिकवलं नव्हतं. खाली सही केली, तारीख घातली. त्याने दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि मग, जणू हात मोकळे ठेवायचे नव्हते म्हणून, पुस्तकं खोक्यातून काढून पुन्हा फळीवर लावायला लागला. चार लावली, थांबला, खिशातून फोन काढला आणि नंबर लावून तिच्या हातात दिला. “तुम्हीच सांगा तिला. मला आत्ता बोलता येणार नाही.”

“कोण?” मोठ्या बाईंचा आवाज आला, लोटलेल्या दारामागचा.

“बाई, मी. तुमच्या घरातून बोलतेय.”

पलीकडे नातवंडांपैकी कुणीतरी लांबून पाढे म्हणत होतं.

“सांगितलंस,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“लेखी?”

“हो.”

तिला वाटलं आता बाई रागावतील, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलगा हातात पुस्तक धरून ऐकत होता. बाईंचा श्वास ऐकू येत होता. तिने शिकवला होता तसा, सावकाश, सोडताना लांब.

“मग आता त्या सगळ्यांना उठवणार कोण?” बाईंनी विचारलं.

“बाई, पण—” ती म्हणाली. बाईंनी या वेळी वाक्य पूर्ण कर म्हटलं नाही. दोघींनी फोन तसाच कानाला धरून ठेवला.